‘उणे तीस’ला उठाव नाही

रंगनाथराव गुंजाळांनी आयुष्यात एकही पुस्तक विकत घेतलेलं नव्हतं. त्यामुळे पुस्तक विकणं अवघड असतं, असा कसलाही पूर्वग्रह त्यांच्या मनात नव्हता.

शिवाय विक्री हा त्यांचा प्रांत. लासलगावच्या कांदा बाजारात ते चौतीस वर्षं लिलावाचे कारकून होते. ट्रॉल्यांची रांग, पुढे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि बोली थांबली की हिशेबाच्या पट्टीवर भाव लिहिणारे रंगनाथराव. एवढ्या काळात गिऱ्हाईक नाही म्हणून माल घरी परत गेलेला त्यांनी पाहिला नव्हता. भाव वरखाली होईल, शेतकरी चार शब्द बोलेल, पण ट्रॉली रिकामी होणारच. म्हणूनच धाकट्या बहिणीनं, छायानं, कॅनडाहून स्वतःच्या आठवणींच्या सात वह्या पाठवल्या, तेव्हा रंगनाथरावांनी त्या सर्वप्रथम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या.

“दोन किलो तीनशे,” ते समाधानानं म्हणाले. “माल चांगला भरलाय.”

“वाचायला पाठवलंय तिनं, मोजायला नाही,” सिंधूताई कणीक मळता मळता म्हणाल्या. सिंधूताई म्हणजे त्यांच्या पत्नी. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला एकदाही विरोध केला नव्हता. फक्त असं एकेक वाक्य बोलून ठेवलं होतं.

वह्यांसोबत चिठ्ठी होती. ‘दादा, आधी तू वाच. तुला पटलं तरच छाप. नाही पटलं तर तसं सांग, मी रुसणार नाही. जानेवारीत येते आहे. दोन विमानं आणि दोन गुडघे, यापुढे जमेलसं वाटत नाही. पुस्तक हातात घेऊन आपल्या माणसांत एकदा बसायचंय, एवढंच.’

छाया लग्न होऊन विनिपेगला गेली त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. पुस्तकाचं नाव तिनंच दिलं होतं : ‘उणे तीस’. हे तिथल्या हिवाळ्याचं तापमान. पण इंदिरानगरमधल्या त्यांच्या सोसायटीत ज्याला ज्याला नाव सांगावं, तो विचारायचा, “गणिताचं आहे का?”

रंगनाथरावांनी पहिली वही उघडली. अक्षर सुरेख होतं. सहाव्या पानावर छायाचं विमान उतरलं, आणि त्याच क्षणी सिंधूताईंनी जेवायला हाक मारली. जेवण झालं, वामकुक्षी झाली, संध्याकाळी फिरणं झालं. छाया विमानतळावरच उभी राहिली, ती पुढे दहा महिने.

अर्थात त्यांनी वह्या अगदीच चाळल्या नाहीत असं नाही. माणूस असल्या वहीत जे शोधतो तेच त्यांनी शोधलं : स्वतःचं नाव. चौथ्या वहीत ते सापडलं. पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘दादाची पत्रं’. रंगनाथरावांनी वही मिटली. काही पोत्यांचं तोंड सोडायचं नसतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छायाला व्हॉट्सअ‍ॅप केलं : ‘वाचले. छान आहे. तब्येत सांभाळ.’

तिचं उत्तर आलं, ‘बरं.’ एवढंच. रंगनाथरावांना वाटलं, आनंदानं शब्द सुचले नसतील.

मग ते बाजार शोधायला निघाले.

पहिला सल्ला शेजारच्या शेखरनं दिला. शेखर नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेला आणि सोसायटीचा सेक्रेटरी. छपाई या विषयावर आपल्याइतका अधिकार नाशिक जिल्ह्यात कोणाला नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. “रंगूभाऊ, कागद चांगला पाहिजे. बाकी काही नाही. आम्ही एवढी वर्षं छापलं, एक नग कधी परत आला नाही. वाचकांची तक्रार नाही. आणि मजकूर तर वर्षानुवर्षं तोच.”

मागणीचा अंदाज म्हणून रंगनाथराव सोसायटीत फिरले. अठ्ठावीस घरं. सत्तावीस घरांनी उत्साहानं सांगितलं, “आम्हाला एक प्रत द्याच हं!” द्या, असं म्हणाले. घेऊ, असं कोणी म्हणालं नाही. अठ्ठाविसाव्या घराला कुलूप होतं, म्हणून रंगनाथरावांची खरी आशा त्याच घरावर राहिली.

प्रकाशकाचं नाव योगेश. मेन रोडच्या मागच्या बोळात त्याचं दुकान, म्हणजे पुढं वह्या-पेनं आणि मागं मराठी साहित्य. पस्तिशीचा, हसतमुख, आणि प्रत्येक लेखकाला चहा पाजल्यामुळे पोटाच्या तक्रारीनं त्रासलेला.

“आवक कशी आहे?” रंगनाथरावांनी बसल्या बसल्या विचारलं.

“परदेशाची ना? प्रचंड, काका. प्रत्येक घरातलं एक माणूस गेलंय, आणि गेलेलं प्रत्येक माणूस लिहितंय. राहिलेले वाचत नाहीत. उठावच नाही.”

“उठाव कशाला आहे?”

“स्पर्धा परीक्षा. आणि मधुमेह.” योगेशनं आशेनं विचारलं, “ताईंना मधुमेह आहे का?”

“आहे थोडा.”

“मग त्यावर का नाही लिहीत?”

रंगनाथरावांचा चेहरा पाहून त्यानं वही ओढली. वरची दोन पानं वाचली. “भाषा चांगली आहे हो. पण आत काय आहे?”

“आत... सगळं आहे.”

“म्हणजे?”

“थंडी वगैरे,” रंगनाथराव म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाजारात वरच्या थराचा कांदा एक आणि ट्रॉली ओतल्यावर आतून दुसराच निघाला, की भांडण व्हायचं. त्याला वांधा म्हणत. वांधा मिटवायला रंगनाथराव जायचे, आणि चौतीस वर्षं व्यापाऱ्यांना एकच वाक्य ऐकवायचे, ‘वरवर बघून बोली कशाला लावता?’ ते वाक्य या क्षणी त्यांना कारण नसताना आठवलं.

योगेशनं मार्ग सांगितला. कोण्या मोठ्या माणसाची प्रस्तावना आणा, प्रकाशनाची तारीख पक्की करा, मग बघू. रंगनाथराव एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेले. प्राध्यापक म्हणाले, छापलेलं पान दिसल्याशिवाय मला लिहिण्याचा मूड येत नाही. योगेश म्हणाला, प्रस्तावना आल्याशिवाय पान लावता येत नाही. जवळच्या सभागृहाचे व्यवस्थापक म्हणाले, तारखेसाठी प्रकाशकाचं पत्र लागेल. योगेश म्हणाला, पत्रासाठी तारीख लागेल. या चौकोनात रंगनाथराव सहा महिने फिरले. सकाळचा फेरफटका त्यांनी बंद केला. डॉक्टर म्हणाले, चालणं भरपूर होतंय.

अखेर प्राध्यापकांनी मूड नसताना आठ पानं लिहिली. त्यातली सात त्यांच्या स्वतःच्या अमेरिकावारीबद्दल होती आणि आठव्यावर ‘लेखिकेने अमेरिकेतील अनुभव समर्थपणे टिपले आहेत’ असं होतं. रंगनाथरावांना ती फार आवडली. योगेशनं वाचून विचारलं, “काका, ताई कॅनडात असतात ना?” म्हणजे प्रस्तावना परत गेली. वह्या न वाचता प्रस्तावना लिहिणाऱ्या माणसाबद्दल रंगनाथराव घरी जे बोलले, ते सिंधूताईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “तुम्ही कुठवर आलात?”

“कशात?”

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

डिसेंबर उजाडला. छायाचं तिकीट बारा जानेवारीचं निघालं. रंगनाथरावांच्या हाताशी प्रकाशक नव्हता, प्रस्तावना नव्हती, सभागृह नव्हतं. होत्या त्या सात वह्या, ज्यांचा वरचा पुठ्ठा आता रिक्षात ने-आण करून मऊ पडला होता.

तेव्हा शेखर म्हणाला, “उलटीकडून चला. आधी तारीख जाहीर करा. बोर्ड लागला की प्रकाशक झक मारत येतो.”

यात बाजाराचं तत्त्व दिसल्यामुळे रंगनाथरावांना ते पटलं. ते सभागृहात गेले. यावेळी व्यवस्थापकांना त्यांची दया आली असावी. त्यांनी छापील अर्ज काढला. त्यात चार चौकटी होत्या : वाढदिवस, हळदीकुंकू, योगवर्ग, शोकसभा.

“पुस्तक प्रकाशन यात बसत नाही,” व्यवस्थापक म्हणाले. “‘इतर’ नाहीच. वाढदिवस टाकला तर केक कापण्याचं हमीपत्र लागतं, फरशी खराब होते म्हणून. एक करू, शोकसभेत टाकू. त्याला कसलं पत्रबित्र लागत नाही, आणि माईक आमच्याकडून.”

“माईक फुकट?”

“दुःखद प्रसंग आहे, गुंजाळसाहेब. आम्ही काय माणसं नाही?”

रंगनाथरावांनी सही केली. कागदावरच्या चौकटीला कागदापलीकडे किंमत नसते, असं सरकारी नसलेल्या पण सरकारी थाटाच्या नोकरीत ते शिकले होते. त्यांना हे माहीत नव्हतं की त्याच संध्याकाळी सभागृहाच्या दारातल्या काळ्या फळ्यावर सुबक अक्षरांत लिहिलं जाईल : ‘१८ जाने. स. १०. शोकसभा. गुंजाळ.’

तिथून ते फ्लेक्सच्या दुकानात गेले. तिथं तृप्ती नावाची मुलगी संगणकावर बसून एकाच वेळी तीन नगरसेवकांचे वाढदिवस करत होती. तिनं नमुने दाखवले. पहिल्यात मागे सिंह गर्जना करत होता. दुसऱ्यात ज्वाळा होत्या. बहिणीच्या मागे सिंह असावा की ज्वाळा, यावर रंगनाथरावांनी विचार केला आणि दोन्ही नाकारलं. मग त्यांना एक फिकट जांभळा नमुना दिसला. चारी कोपऱ्यांत पांढरी फुलं, खाली तेवती समई.

“हा छान आहे. शांत वाटतो.”

तृप्तीनं मान वर केली. “काका, हाच? नक्की?”

“हाच. छायाचा स्वभावही शांतच.”

तृप्तीचा आवाज खाली आला. “कधी झालं, काका?”

“अजून व्हायचंय. अठरा तारखेला.”

 अशा प्रसंगी घरची माणसं काहीही बोलतात, हे तृप्तीला धंद्यामुळे माहीत होतं. तिनं छायाचा पासपोर्टचा काळा-पांढरा फोटो मधोमध बसवला. रंगनाथरावांनी ‘जन्म १९५६’ आवर्जून टाकायला लावलं, लेखिकेच्या अनुभवाचं वजन कळावं म्हणून. ‘उणे तीस या पुस्तकाचे प्रकाशन’ हा मजकूर समईच्या खाली गेला, कारण जागा तिथंच उरली होती. निघताना तृप्तीनं दोन फूट फ्लेक्स स्वतःहून जास्त दिला आणि “काळजी घ्या” म्हणाली. नवी पिढी किती मायाळू आहे, असं रंगनाथरावांच्या मनात आलं.

सत्तावीस डिसेंबरच्या सकाळी फ्लेक्स सोसायटीच्या कोपऱ्यावर लागला. रंगनाथराव प्राध्यापकांकडून वह्यांच्या झेरॉक्स परत आणायला गंगापूर रोडला गेले. प्राध्यापकांनी त्यांना बसवून घेतलं आणि अमेरिकावारीचं राहिलेलं आठवं पान तोंडी सांगितलं. संध्याकाळी पाचला रंगनाथराव परतले, तेव्हा त्यांच्या दारात चपलांचे बत्तीस जोड होते. सवयीनं त्यांनी मोजले.

आत सतरंजी अंथरलेली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिठल्याची तीन पातेली आणि भाकऱ्यांची चवड. दुःखाच्या घरात चूल पेटू द्यायची नाही म्हणून शेजाऱ्यांनी आणलेली. सिंधूताई मध्यभागी बसल्या होत्या आणि दोघी बायकांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

“मी सकाळपासून सांगते आहे,” सिंधूताई त्यांना पाहून म्हणाल्या, “मला कोणी बोलूच देत नाही.”

“रडून घ्या, वहिनी,” शेखरची बायको पूजा म्हणाली. “साठवून ठेवू नका.”

शेखर उठून आला आणि त्यानं रंगनाथरावांना मिठी मारली. शेखरला पुस्तकाचं सगळं माहीत होतं. फ्लेक्सची कल्पना त्याची होती. पण सकाळी त्यानं कोपऱ्यावर फुलं आणि समई बघितली, दुपारी सभागृहाचा फळा बघितला, आणि दोहोंचा मेळ घालून तो मोकळा झाला. “तरीच इतकी घाई चालली होती तुमची. पुस्तक हातात घ्यायचं राहून गेलं हो त्यांचं!”

“अरे, ती जिवंत आहे!” रंगनाथराव ओरडले.

 मग कोणीतरी हळूच म्हणालं, “धक्का बसलाय. बोलू द्या त्यांना.”

“जिवंत आहे म्हणतो ना मी! तो फ्लेक्स प्रकाशनाचा आहे. खाली लिहिलंय!”

“खरंय, खरंय,” शेखर त्यांची पाठ थोपटत म्हणाला. “त्या शब्दांतून जिवंतच राहणार.”

फ्लेक्स खालपर्यंत कोणीही वाचलेला नव्हता. फ्लेक्स वाचतात थोडाच? बघतात. रंगनाथरावांनी खिशातून फोन काढला आणि छायाला व्हिडिओ कॉल लावला. वाजून वाजून बंद झाला. विनिपेगला पहाटेचे साडेपाच होते आणि छाया, शहाणी बाई, झोपली होती. पण उचलला न गेलेला तो फोन बत्तीस जणांनी पाहिला, आणि चार बायका नव्यानं रडू लागल्या.

भिंतीला टेकून बद्रुद्दीनभाई बसले होते. लासलगावचे कांद्याचे जुने व्यापारी, रंगनाथरावांच्या वयाचे, बातमी कळताच दुपारची एसटी पकडून आलेले. छाया लहानपणी त्यांच्या खळ्यावर कांद्याच्या ढिगांवरून घसरगुंडी खेळायची. त्यांनी रंगनाथरावांना शेजारी बसवलं.

“तू म्हणतो तर असंल जित्ती. अल्ला करो अन् तसंच निघो,” ते म्हणाले. “पन मला सांग, लिवलंय काय तिनं? एवढ्या सात वह्या भरल्या पोरीनं.”

“थंडी वगैरे,” रंगनाथराव म्हणाले.

बद्रुद्दीनभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस तीस वर्षं मालाच्या वरच्या थराकडे पाहून आतला माल ओळखत आला होता. “रंगनाथ,” ते अगदी हळू म्हणाले, “तू ट्रॉली वतलीच नाही का रं?”

 रंगनाथराव उठले, त्यांनी कपाटातून वह्या काढल्या, चष्मा लावला. बत्तीस माणसं बघत होती. माणूस बहिणीच्या वह्या छातीशी धरतोय म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. त्यांनी सातवं पान उघडलं, जिथं छाया दहा महिने विमानतळावर ताटकळत उभी होती, आणि मोठ्यानं वाचायला लागले. लिलाव पुकारल्यासारखा त्यांचा आवाज पहिल्या दोन ओळींत खणखणीत होता. मग तो उतरला.

विमानतळावर नवरा न्यायला आला होता, त्यानं आणलेला कोट छायाला इतका मोठा होता की पहिला हिवाळाभर ती ‘कोटातून बाहेर बघत’ होती. तिसऱ्या आठवड्यात ती दुकानात गेली आणि तिथं कांदे दिसले, प्रत्येकावर कागदाची टिकली चिकटवलेली. तिनं एक उचलून हुंगला. वास आला नाही. मग ती तिथंच रडायला लागली. दुकानातली बाई धावत कागदी रुमाल घेऊन आली. ‘न चिरता कांद्यानं रडणारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली असावी.’

बायकांच्या बाजूला कोणीतरी डोळे पुसता पुसता फिसकन हसलं.

“मग?” बद्रुद्दीनभाई म्हणाले.

मग रुग्णालयाच्या धुलाईखान्यातली नोकरी, बावीस वर्षं. दुसऱ्यांच्या चादरी. उणे बत्तीसमध्ये थांब्यावर उभ्या छायाला पाहून एक चालक रोज बस अर्धं मिनिट आधी आणायचा आणि त्याचं नाव तिनं कधी विचारलं नाही, याची तिला अजून लागलेली चुटपुट. पूजानं पिठलं-भाकरी वाढायला घेतली, पण कोणी उठेना. दारात योगेश प्रकाशक हार घेऊन आला होता. तो हार हातात तसाच धरून उंबऱ्यावर बसला आणि ऐकू लागला.

तासाभरानं फोन वाजला. पडद्यावर छाया उगवली, केस विंचरायचे राहिलेले, हातात कॉफीचा मग.

“दादा, पहाटे साडेपाचला मिस्ड कॉल? काय झालं? कोण गेलं?”

यावर खोलीत जो गलका झाला तो लिहून दाखवणं शक्य नाही. शेखर उभा राहिला आणि पुन्हा बसला. बद्रुद्दीनभाईंनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. पहिला भर ओसरल्यावर मात्र खोलीत थोडी नाराजी पसरली. सुट्टी टाकून आलेले होते, पांढरे कपडे इस्त्री करून आलेले होते. पूजानं सिंधूताईंना हळूच विचारलं, “वहिनी, मग उरलेलं पिठलं घेऊन जाऊ का मी?”

सगळा प्रकार ऐकून छाया एवढी हसली की कॉफी सांडली. मग म्हणाली, “रडलं का पण कोणी?”

“चौदा जण,” रंगनाथराव म्हणाले. “त्यातल्या नऊ जणांनी तुला कधी पाहिलेलं नाही.”

“आणि तू?”

“मी वाचत होतो.”

“कुठवर आलास?”

“बसच्या थांब्यापर्यं...” बोलता बोलता रंगनाथरावांची जीभ जागच्या जागी थांबली. ‘वाचले. छान आहे’ असं त्यांनी मार्चमध्ये कळवलं होतं.  स्वयंपाकघराच्या दारात सिंधूताई उभ्या होत्या आणि त्यांनी यावेळी काही म्हणजे काही बोलून ठेवलं नाही.

“सातवी वही घे,” छाया म्हणाली. “शेवटून उघड.”

शेवटची चार पानं कोरी होती. पहिल्याच्या डोक्यावर छायाच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘प्रस्तावना. लिहिणार : दादा.’ खाली रेघा आखून ठेवल्या होत्या, पेन्सिलीनं, वाकड्या जाऊ नयेत म्हणून.

“मला मार्चमध्येच कळलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं. “वाचलं असतंस तर त्या कोऱ्या पानांवरून विचारलं असतंस. चौथी वही वाचून तर भांडलाच असतास.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू काय लिहिणार होतास, दादा? ‘तब्येत सांभाळ.’”

फोन ठेवल्यावर योगेश उंबऱ्यावरून उठला. हार कुठं ठेवावा ते न कळून त्यानं तो वह्यांवर ठेवला. “काका, माझं चुकलं. उठाव आहे. शंभर प्रती पुढच्या आठवड्यात छापतो, डिजिटल. पण प्रस्तावनेशिवाय नाही. आणि त्या प्राध्यापकांची तर नाहीच नाही.”

रंगनाथरावांनी पुढचे आठ दिवस ट्रॉली ओतली. रोज सकाळी एक वही, आणि आठवा दिवस पुन्हा चौथीसाठी. ‘दादाची पत्रं’ हे प्रकरण अडीच पानांचं होतं. छायानं लिहिलं होतं, ‘फोन परवडू लागेपर्यंत नऊ वर्षांत दादाची एकवीस पत्रं आली. मजकूर सगळ्यांत एकच. येथे सर्व ठीक. तब्येत सांभाळ. एकवीस पत्रं जोडली तर एक पान भरेल. तरी मी ती वेगवेगळी वाचायची. अक्षर तिरकं असलं की समजायचं, लिलावाची गडबड आहे. कागदाला बोटाचा मातकट ठसा असला की समजायचं, आवक वाढली. एका पत्रात कांद्याचं साल निघालं, लाल, पातळ. चुकून गेलं असणार. त्याला वास होता. मी ते चौदा वर्षं देवाच्या डबीत ठेवलं. मग त्याचा भुगा झाला, तरी डबी धुतली नाही.’

भांडण्यासारखं त्यात एकही वाक्य नव्हतं. रंगनाथरावांनी बरंच शोधलं.

प्रस्तावनेचा पहिला खर्डा दोन ओळींचा झाला. त्यात ‘छान’ हा शब्द होता. सिंधूताईंनी तो वाचला आणि कागदाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. दुसरा खर्डा ‘साहित्याच्या विशाल प्रांगणात’ असा सुरू होत होता; तो रंगनाथरावांनी स्वतःच फाडला. तिसऱ्या दिवशी ते सकाळी चहा घेऊन बसले ते जेवायची हाक आली तरी उठले नाहीत. संसारात प्रथमच सिंधूताईंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

‘हे पुस्तक मी उशिरा वाचले,’ असं पहिलं वाक्य होतं. पुढं त्यांनी लिहिलं होतं की लासलगावला मी दुसऱ्यांचे वांधे मिटवायचो, आणि घरातला हा एक चव्वेचाळीस वर्षं तसाच पडून होता. येथे सर्व ठीक, असं मी एकवीस वेळा लिहिलं, त्यातल्या निदान सहा वेळा येथे काहीही ठीक नव्हतं. वडील गेले त्या महिन्यातही मी तेच लिहिलं, बातमी तिला दुसऱ्या कोणी कळवली. तू लांब एकटी, तुला कशाला त्रास, असं वाटायचं. त्रास न देण्याच्या नादात बाकीचंही काही दिलं गेलं नाही. आणि शेवटी : ‘कांद्याचे साल चुकूनच गेले होते. मुद्दाम पाठवले होते असे लिहिण्याचा मोह होतो आहे, पण छायाला माझे अक्षर वाचता येते.’

चार पानं पुरली नाहीत. पाचवं त्यांनी पिठल्याच्या हिशेबाच्या वहीतून फाडलं. कोणाचं पातेलं कोणाकडे परत जायचं, ते सिंधूताई त्यात लिहीत होत्या.

मग पाचही पानांचे फोटो काढून त्यांनी छायाला पाठवले. फोटो वाकडे आले. एकात त्यांचा अंगठा आला. विनिपेगला सकाळ व्हायची होती. रंगनाथराव कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. फ्लेक्स शेखरनं उतरवला होता आणि मागच्या बाजूनं सोसायटीच्या पंपावर झाकण म्हणून घातला होता. ते परत आले, वर्तमानपत्र वाचलं, तेच पुन्हा वाचलं. संध्याकाळी फोनवर त्या दोन खुणा निळ्या झाल्या. मग ‘टाइप करत आहे’ असं दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं. पुन्हा गेलं. पाऊण तास हेच चाललं, आणि रंगनाथराव एवढा वेळ खुर्चीच्या टोकावर बसून होते.

शेवटी उत्तर आलं. त्यांनी ते स्वयंपाकघरात नेऊन सिंधूताईंना दाखवलं आणि नाक शिंकरत गॅलरीत जाऊन उभे राहिले.

‘वाचले. छान आहे. तब्येत सांभाळ.’